छावणीतला एक गडी

डोंगरवाडी, वडवणीजवळ
२९ जानेवारी १९७३

ती. वच्छलाअक्कास, धाकट्या मुक्ताचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडं समदं ठीक हाय असं लिहायची रीत हाय, म्हणून लिहिते. ठीक काई न्हाई. हिरीचा तळ दिसतोय. किसन आन त्याच्या तिघी भयनी सरकारी सुकडीला कंटाळल्यात, पर खात्यात. कारभारी दसऱ्यापासून बैलं आन गाय घेऊन आष्टीच्या पल्याड, नगरकडल्या सहकारी कारखान्याच्या छावणीत हायती. तिथं उसाचं वाढं मिळतं म्हणून जनावरं तरली. दिवाळीला चार दिस घरी आलते, तेवढंच. मी दुष्काळी कामाच्या पाझर तलावावर माती वाहते. तू म्हणशील, लई लांबण लावलीस, मुद्द्याचं बोल. बोलते. अक्का, मला दिवस गेलेत.

हसू नको. मला आधी कळलंच न्हाई. दसऱ्याच्या मागंपुढं बाजूला बसलते, ती शेवटची. पर आमच्या टोळीतल्या निम्म्या बायांचं तसंच झालंय. उपासानं अंगातलं रगत आटलं अशी समद्यांनी समजूत करून घेतली, मीबी घेतली. मला तर बरंच वाटलं, तेवढंच धुण्याचं पाणी वाचलं! संक्रांतीला तीळ भाजायचा वास आला आन पोटात ढवळून निघालं, तवा डोळे उघडले.

धाकटीच्या वेळचं तुला ठाऊक हाय, तूच उशाला हुतीस. रगत थांबंना, गोधड्या भिजल्या, तू माझ्या गालावर चापट्या मारून मला जागं ठेवलंस. पुन्ना तसं झालं तर ही चार लेकरं कुणाच्या पदरात घालू? सासूबाईंला मी बोलले न्हाई, पर त्यांची नजर लई तिखट, त्यांनी वळखलंच आसंल. कामावर एक म्हातारी हाय. ती म्हणती, एका काडीत मोकळी करते, कुणाला पत्ता लागायचा न्हाई. मी तिला हो म्हणलं न्हाई आन न्हाईबी म्हणलं न्हाई.

तू दवाखान्यात नर्स हायेस. आता सरकारनं ह्याचा कायदा केलाय म्हणत्यात, ते खरं का? कसं करत्यात? जीव जातो का? खर्च किती? मालकाची सही लागती का? ह्यांना कळवायचं माझ्या जिवावर आलंय, तू तर मुळीच कळवू नको. मला काईच सुचंना झालंय, एका जागी बूड टेकत न्हाई. उत्तर कार्डावर नको. कार्ड आधी पोस्टमन वाचतो, मग चावडी, मग मी.

तुझ्या मायेला हक्कानं हात पसरणारी,
मुक्ता


बीड
२ फेब्रुवारी १९७३

चि. सौ. मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र ड्यूटीवर वाचलं आणि हातातला ट्रे खाली ठेवावा लागला. आधी एकच सांगते. त्या म्हातारीच्या सावलीलाही उभी राहू नकोस. काडी, काढा, पपईचा चीक, काही म्हणजे काही नको. काडी घातलेल्या बाया आमच्याकडं येतात त्या तापानं फणफणलेल्या येतात, आणि सगळ्याच घरी परत जात नाहीत. मी रागावून लिहितेय, तूही तसंच वाच.

कायदा खरा आहे, गेल्या एप्रिलपासून लागू झालाय. बाईच्या जिवाला किंवा तब्येतीला मोठा धोका असेल तर सरकारी दवाखान्यात डॉक्टर गर्भपात करून देतात. उजळ माथ्यानं, चोरून नाही. बारा आठवड्यांच्या आत एका डॉक्टरचं मत पुरतं, आणि कामही थोडक्यात होतं. पिशवी साफ केली की दुसऱ्या दिवशी घरी. त्याच्यापुढं, वीस आठवड्यांपर्यंत, दोन डॉक्टरांनी मिळून ठरवावं लागतं. तू बारा ओलांडलेस बाई. उत्तरेश्वरराव पाव्हणे दसऱ्यापासून फक्त दिवाळीला चार दिवस घरी होते, तेव्हा हिशोबात चुकायला जागाच नाही. अगं, नुसती शंका आली तेव्हाच चार ओळी टाकायला काय झालं होतं तुला!

आता पोटातून सुई देऊन मिठाचं पाणी सोडतात, मग कळा येतात. बाळंतपणासारखंच सोसावं लागतं, लपवत नाही. त्याला सोळा आठवडे भरू द्यावे लागतात, म्हणून तुला आणखी पंधरवडा थांबायचंय. धोके आहेत. रक्त जाणं, ताप, वार अडकली तर पिशवी साफ करावी लागणं. पण इथं रक्ताची बाटली आधी जुळवून ठेवता येते, ते काही तुमच्या पाझर तलावावर होणार नाही. पूर्ण दिवस भरले तर तुला काय धोका, तेही डॉक्टरांना विचारू. मग ठरव तू. मी तुला ढकलणार नाही. ठेवायचं म्हणालीस तर बाळंतपण इथं दवाखान्यात, एवढीच माझी अट.

सही तुझी, फक्त तुझी. सज्ञान बाईला नवऱ्याची सही कायद्यानं लागत नाही. खर्च एस.टी.चा आणि थोड्या औषधांचा, बाकी सरकारी. राहायला माझी खोली आहेच. रक्तवाढीच्या गोळ्या वडवणीच्या गाडीच्या कंडक्टरकडं दिल्यात, रोज घे. त्यानं शी काळी होते, त्याला घाबरून गोळ्या फेकून देऊ नकोस. काय ठरतं ते लगेच कळव, इथं माझाही जीव टांगणीला लागलाय.

तुझ्या वाटेकडं डोळे लावून बसलेली,
वच्छला


मुक्काम छावणी
५ फेब्रुवारी १९७३

ती. स्व. वच्छलाअक्का यांस उत्तरेश्वराचा साष्टांग दंडवत. पत्रास कारण की, जनावरं खुशाल हायती. ढवळ्याला हगवण लागलीती, आता बरा हाय.

तुमी दवाखान्यात हायसा म्हणून एक इचारायचं हुतं. माझं न्हाई. आमच्या छावणीत एक गडी हाय, तुमी त्याला वळखत न्हाईसा. त्याच्या बायकूचं मागलं बाळंतपण लई अवघड गेलतं. गड्यानं त्याचा धसका घेतला. कोजागिरीच्या आसपास कारखान्यावर सरकारी शिबीर लागलं, तवा कुणाला न सांगता नसबंदी करून आला. सांगणार कुणाला? इथं असल्या माणसाला बैलाच्या दावणीला बांधा म्हणत्यात. बायकूलाबी बोलला न्हाई. दिवाळीला घरी जाऊन आला. आता गावचा आश्रुबा पीठ घेऊन आलता, त्यानं गड्याच्या आईचा निरोप दिला की सुनंला दिवस गेलेत, पेढे वाट.

समदे पेढे मागाया लागले. गड्यानं गूळ वाटला आन गोठ्याच्या मागं जाऊन बसला.

बायकू तशी लई सरळ हाय हो. आजवर तिच्यात कुणी खोट काढली न्हाई. पर ऑपरेशन तर झालंय! मग कसं? गड्याचं डोकं फिरलंय, वैरण टाकताना एकाच बैलापुढं दोनदा टाकतो. ऑपरेशन झाल्यावर आसं हुतंय का? खरं आसंल ते लिहा, मी त्याला वाचून दाखवीन. बिगी बिगी लिहा. गडी वाईट मनाचा न्हाई, पर काईबाई करून बसंल.

तुमच्या शब्दाची वाट बघणारा,
उत्तरेश्वर


बीड
९ फेब्रुवारी १९७३

श्री. रा. रा. उत्तरेश्वरराव यांस वच्छलाचा नमस्कार. वि. वि.

तुमच्या गड्याला शेजारी बसवा आणि हे हळूच वाचून दाखवा.

नसबंदी झाली म्हणजे त्या दिवसापासून सगळं बंद, असं नसतं. वरचं पाणी तोडलं तरी पाटात असलेलं वाहत राहतं की नाही? तसं बीज आत शिल्लक असतं, आणि ते दोन-तीन महिने पुरतं. म्हणून तेवढे दिवस निरोध वापरायचा आणि मग तपासून घ्यायचं, असं शिबिरात सांगतात, पुड्याही देतात. तुमच्या गड्यानं त्या पुड्यांचं काय केलं? लाजून पाचटात खुपसल्या असतील! कोजागिरीला ऑपरेशन आणि दिवाळीला घरी. मूल त्याचंच आहे, तिळमात्र शंका नको.

आता गडी राहू द्या बाजूला, पाव्हणे. तुम्ही धसका घेतलात हे वाचून माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. बायकोसाठी एवढं करणारा मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिला नाही. आणि त्याच पत्रात तिच्यावर संशय! समोर असतात तर नातं विसरून कानाखाली ओढली असती.

मुक्तानं तुम्हाला कळवू नको म्हटलं होतं, तो शब्द मी मोडतेय. तिला हे बाळंतपण झेपणारं नाही. कालच तिचा निरोप आला, अठरा तारखेला ती इथं गर्भपातासाठी येतेय. तुमची परवानगी ती मागत नाही आणि कायद्यानं ती लागतही नाही. पण ऐका. लग्न झालेल्या बाईचा किंवा तिच्या नवऱ्याचा पाळणा थांबवायचा उपाय फसून दिवस गेले, तर तेही कायद्यानं धरलेलं कारण आहे. ज्या गोष्टीवरून तुम्ही तिला चोर ठरवताय, तीच दवाखान्यात तिच्या बाजूची आहे. डॉक्टरांपुढं येऊन स्वतःच्या तोंडानं सांगाल का? आणि तोवर तिला एक वाकडा शब्द बोलायचा नाही.

रागातसुद्धा तुमचं भलं चिंतणारी,
वच्छला


डोंगरवाडी
११ फेब्रुवारी १९७३

ती. अक्कास मुक्ताचा नमस्कार.

कारभारी आठ तारखेला सांजच्याला अचानक आलते. बैलं कुणाच्या भरवशावर टाकली म्हणून इचारलं तर पाठ करून जेवायला बसले. दोन घास खाल्ले आन ताट सारलं. सासूबाई कौतुकानं गोडाचं करायला निघाल्या, तर त्यांच्यावर खेकसले. मग त्यांनाच इचारत बसले, तलावावर मस्टर कोण भरतं, मुकादम कुठल्या गावचा, आपल्या घरी कोण येतं-जातं. मी जवळ गेले तर अंगावर पाल पडल्यागत सरकले. कावून आसं करताव, म्हणून लई डाव इचारलं. गोधडी उचलून ओट्यावर जाऊन झोपले. दिस उगवायला परत गेले, मागं वळून बघितलंबी न्हाई.

माझं काय चुकलं गं? मी दवाखान्यात चालले ती कुणकुण लागली का? का ह्यांना आता मीच नको झाले? डोस्क्यात नुसता भुंगा लागलाय. मातीची पाटी उचलते आन कुठं टाकायची तेच इसरते.

पर माझं ठरलंय ते ठरलंय. वाईट वाटत न्हाई असं समजू नको. हात आपसूक पोटावर जातो, मग मी तो उचलून पाटीला लावते. हे चौघं डोळ्यापुढं हायती, त्यांना आई पायजे. सासूबाईंला सांगितलं, अक्काकडं तपासायला जाते. त्या लेकरांना सांभाळायला तयार हायती. मी येते. स्टँडवर ये, मला बीडचं काई कळत न्हाई.

तुझ्याच आधाराची,
मुक्ता


बीड, अक्काची खोली
४ मार्च १९७३

किसनच्या वडलांस मुक्ताचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

लगीन झाल्यापासून तुमाला हे पहिलंच पत्र. मी बरी हाय. दोन डागदरांनी तपासून कबूल केलं, सही मी केली. कळा लई आल्या, रगत गेलं, बाटली लावली, थांबलं. मग ताप आलता, तोबी उतरला. अक्का मला चुलीपाशीसुद्धा जाऊ देत न्हाई, हवालदारीण झालीया नुसती.

तुमी आलता. डागदरांपुढं, नर्सबायांपुढं, रांगेतल्या समद्या बायांपुढं उभं राहून बोललात, की माझी नसबंदी झालीया, पुड्या म्या वापरल्या न्हाईत, चूक माझी हाय, हिची न्हाई. दोघी-तिघी पदर तोंडाला लावून हसल्या. तुमी मान खाली घातली न्हाई. ऑपरेशनचं मला तवा कळलं. माझ्यापायी ह्या माणसानं एवढं केलं, असं वाटून मला लई भरून आलं. तुमी मातुर दारातूनच बरं हाय ना म्हणलात आन गाडी धरली.

मग पडल्या पडल्या एकेक जुळाया लागलं. मस्टर, मुकादम, पाल पडल्यागत सरकणं. अक्काच्या मागं लागले, तवा तिनं तुमचं पत्र दावलं. छावणीतला गडी म्या वाचला.

मी रागावलेय. लई रागावलेय. संशय आला म्हणून तेवढी न्हाई, माणसाचं मन हाय, फिरतं. पर तुमी अक्काला इचारलंत, आईला इचारलंत, मनातल्या मनात त्या मुकादमालाबी इचारलं आसंल. मी समोर उभी हुते, चार हातावर. मला न्हाई इचारलंत. मीबी शानी न्हाई, पोटातली गोष्ट तुमाला सोडून अक्काला लिहिली. आपण दोघं एका घरात ऱ्हातो आन बोलतो बीडमार्फत.

परवा अक्काला तुमचं आणखी एक पत्र आलं. मुक्ता रागावली का, घरी कवा येणार, येणार का न्हाई, आसं तिला इचारलंय. काय लिहू म्हणून ती माझ्या तोंडाकडं बघत हुती. मी म्हणलं, तू काईच लिहू नको.

रागावले का, येणार का, हे मला इचारा. मी चौथी शिकलेय, मला वाचता येतं. पत्ता ह्या खोलीचाच, पर पाकिटावर नाव माझं घाला.

मुक्ता