सुनंदाची नाचणी आणि टारफुला

शुक्रवार, सप्टेंबर २००३

शेजारच्या सुनंदाची नाचणी टारफुल्याने, म्हणजे पिकाच्या मुळांवर जगणाऱ्या तणाने, खाल्ली. तिची सासू, आमच्या काकी, सांगत सुटल्या, सुनेच्या हाताला गुण नाही. मला ऐकवेना. कॉलेजात दोन कुंड्यांत नाचणी अन् टारफुल्याचं बी पेरलं होतं. दोन्हींत शेणखताची माती, फक्त एकीतली भाजलेली. आज त्या कुंड्या सुनंदाच्या घरी नेऊन काकींसमोर ठेवल्या; सुनंदाही तिथेच होती. भाजलेल्या मातीत टारफुला माजलाय, दुसरीत जेमतेम.

"काकी, मातीतले बारीक जीव मुळं राखतात; भाजल्यावर ते मेले. शेतातही शेणखत थांबलं की ते कमी होतात."

"म्हणजे हिचा दोष नाय?"

"नाही."

काकी हळूच म्हणाल्या, "गुरं विकायला मीच लावली."

मी उगाच बोलले का? पण काकी उठल्या, स्वतः चहा ठेवला आणि सुनंदाला म्हणाल्या, "तू बस गो जरा."