डॅमेज मोजण्याची माझी पद्धत

८ जानेवारी, रविवार
संकल्प: नागोयाच्या कार्ड-खेळ स्पर्धेआधी डॅमेजचे, म्हणजे मारा बसल्यावर कार्डाच्या होणाऱ्या नुकसानीचे, नियम पक्के करणे. मला गरज नाही. टीममधल्या इतर दोघांना आहे: तोयोमी, माझी शाळेपासूनची मैत्रीण, आणि इगाराशी-सान, कुरिअरच्या गोदामात काम करतात. नोंदणी १० फेब्रुवारीपर्यंत. तीन नावांशिवाय फॉर्म जात नाही. ही स्पर्धा मी पाच वर्षं मनात धरून आहे.

आज कुमागाई-सानच्या कार्डांच्या दुकानात, जिथे आम्ही दर रविवारी खेळतो, किरकोळ प्रसंग. मी माझं कार्ड मागच्या रांगेत नेलं आणि त्यावरचे डॅमेजचे लाल खडे काढून ठेवले. इगाराशी-सान ओरडले, "ओ इंजिनीअरबाई! मागे सरकलं की जखम भरते होय? कार्ड मरेपर्यंत खडे तिथंच!" नियमांच्या पुस्तकात तसं आहे खरं. वाक्यरचना ढिसाळ. मी आधी खेळायचे त्या खेळात पाळी संपली की डॅमेज शून्य व्हायचं. ती पद्धत जास्त शास्त्रशुद्ध. खेळाच्या कंपनीला लिहीन.

१० जानेवारी
तक्ता केला, लॅमिनेट केला. आधी मूळ मारा, मग समोरचं कार्ड त्या माऱ्यापुढे दुबळं असेल तर दुप्पट, मग चिलखताचे वजा. ६० चे १२०, वजा २०, म्हणजे १००. तोयोमी आधी वजा करते, तिचे येतात ८०. समोर ९० लाइफचं कार्ड असेल तर एका उत्तरात ते मरतं, दुसऱ्यात जगतं. फरक एवढाच, पण तो सगळाच आहे.

१५ जानेवारी, रविवार
तोयोमीच्या चार चुका. डाव संपल्यावर वाकून नमस्कार होतो, मग चर्चा. चर्चेत चारही वाचून दाखवल्या, वेळेसकट. "दातांच्या दवाखान्यात बिलं तूच करतेस ना? पेशंटची काळजी वाटते," असंही मी म्हणाले. सगळे हसले. म्हणजे निदान मी. ती म्हणाली, "हो, कळलं." मनाला लावून घेत नाही, हा तिचा गुण. पुढच्या रविवारपर्यंत विसरेल.

२२ जानेवारी, रविवार
तोयोमी खडे ठेवायला फार वेळ लावते. म्हणून हात लांब करून मीच तिच्या कार्डावर ठेवले. दुसऱ्याच्या कार्डाला न विचारता हात लावत नाहीत, माहीत आहे. पण तो नियम परक्यांसाठी. ती हळूच म्हणाली, "विचारून हात लावशील का?" मी समजावलं की यात दर माऱ्यामागे सहा सेकंद वाचतात. तिने ते कार्ड काढून नव्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलं. दुकानातला कार्डं पिसण्याचा आवाज थांबला. बहुधा सहा सेकंदांचा आकडा सगळ्यांना पटला.

२९ जानेवारी, रविवार
तोयोमीची एकही चूक नाही. तक्ता काम करतोय. इगाराशी-सान आज मला इंजिनीअरबाई म्हणाले नाहीत, दिवसभर "सेनो-सान". मान वाढतो आहे. जाताना म्हणाले, "सेनो-सान, तुमचा हिशोब नेहमी बरोबर असतो हो. पण समोर माणूस बसलेलं असतं." मी म्हटलं, डॅमेज कार्डाला होतं. ते जॅकेटची चेन लावत राहिले.

कुमागाई-सानची बायको सुमियो-सान खेळ शिकते आहे. तोयोमी शिकवते. मी जवळ गेले तेव्हा त्यांचं आवरून झालं होतं.

२ फेब्रुवारी
ग्रुपवर वेळापत्रक टाकलं: नोंदणी मी करेन, तोवर प्रत्येकी दोनशे गणितं. दोघांनी वाचलं. उत्तर नाही. हरकत नाही म्हणजे संमती.

५ फेब्रुवारी, रविवार
सगळं उत्तम. तोयोमीने आईकडची संत्री आणली, पहिलं मला दिलं. चहा ओतला. "गार वारा आहे, सांभाळून जा तुम्ही," म्हणाली. तुम्ही. बारा वर्षांत पहिल्यांदा. स्पर्धेआधी अशी शिस्त हवीच.

१० फेब्रुवारी, शुक्रवार, दुपारी १२:४०
फॉर्म भरला. तोयोमीचा खेळाडू क्रमांक टाकताच उत्तर आलं: हा खेळाडू दुसऱ्या टीममध्ये नोंदलेला आहे. इगाराशी-सानचा टाकला. तेच. साइट बिघडली आहे.

१२:५२. आयोजकांना फोन केला. बाई फार नम्र होत्या. दोघं एकाच टीममध्ये आहेत, नोंदणी २९ जानेवारीची. तिसरं नाव कुमागाई सुमियो. सर्व्हरचा दोष असू शकेल का, असं विचारलं. "नाही हो," त्या म्हणाल्या, "तिघांनी आपापली संमती दिली आहे." कारखान्यातल्या माझ्या मोजमापाच्या खोलीत परत आले. एक पोलादी रिंग तीनदा मोजली, तीन उत्तरं आली.

१२ फेब्रुवारी, रविवार
दुकानात गेले. तोयोमी उठून उभी राहिली, खुर्ची पुढे केली. "बसा ना." मी उभीच राहिले. काय झालं, विचारलं. "काही नाही झालं," ती म्हणाली. मग नेमकी कोणती तारीख ते सांग, म्हटलं. मी नोंदी ठेवते, तपासून बघेन.

तिने खुर्ची परत आत सरकवली. मग म्हणाली, "एकच दिवस असता तर त्याच दिवशी सांगितलं असतं."

इगाराशी-सान टेबलाकडे बघत होते. सुमियो-सानने चहा विचारला. मी नको म्हणाले.

घरी येऊन जानेवारीपासूनची पानं वाचली. माझी एकही चूक सापडली नाही. पुन्हा वाचली. मग अंधार झाला तरी दिवा न लावता तशीच बसून होते.