आईने दौलत की चाट खाल्ली

बाबा,

परवा रविवारी मी आईला घेऊन चांदणी चौकात गेले होते. तुमचा विश्वास बसणार नाही, कारण आपल्या घरात आई आणि चांदणी चौक हे कधी एका वाक्यात आले नाहीत, आणि आले तेव्हा भांडणातच आले. तुम्ही गेल्यावर तर त्या जागेचं नावच घरात बंद झालं. आई आता ऐंशीच्या पुढे आहे, गाझियाबादला माझ्याकडे असते, गुडघे धरलेत, पण कान आणि जीभ शाबूत आहेत. मेथी निवडता निवडता मान वर न करता मला म्हणाली, "ह्यांनी शेवटचं खाल्लं ते काय होतं गं? ते अजून मिळतं का?" माझ्या हातातला कप तसाच राहिला. मी म्हटलं, "थंडीतच मिळतं." ती म्हणाली, "मग थंडीच आहे की."

तिला नेण्याआधीच्या रात्री मी आपले जुने रविवार आठवत बसले. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये आईचं आंघोळीचं पाणी तापायच्या आत आपण दोघं बाहेर पडलेलो असायचो. तुमचा तपकिरी स्वेटर, माझी कानटोपी, बसच्या फुटक्या खिडकीतून येणारा गार वारा. लाल किल्ल्यासमोर उतरलं की तुमची चालच बदलायची. ऑफिसात साहेबांपुढे मान खाली घालून उभा राहणारा माणूस इथे छाती काढून चालायचा. तुम्ही म्हणायचात, "आधी पोट, मग बादशहा." मग गल्लीच्या तोंडाशी उभ्याउभ्या डाळ भरलेली बेडमी पूरी, वर हिंगाचा वास मारणारी बटाट्याची भाजी, पत्रावळीतून मनगटापर्यंत ओघळणारा रस्सा. तुमचं हिंदी मराठीच होतं, "भैया, जरा कडक करके देना," आणि तो दुकानदार हसत हसत सगळ्यांत करारी, म्हणजे कुरकुरीत, पूरी तुमच्यासाठी बाजूला काढायचा. पोट भरलं की तुम्ही मला पक्ष्यांच्या दवाखान्यात न्यायचात, तिथे पंख बांधलेली कबुतरं पिंजऱ्यात गप्प बसलेली असायची. मग खारी बावलीच्या मसालाबाजारात मिरचीच्या पोत्यांमधून आपण खोकत खोकत पळायचो. एकदा जामा मशिदीच्या मिनारावर चढलो, वर पोचल्यावर मला धाप लागली होती आणि तुम्ही दक्षिणेकडे बोट करून म्हणालात, "तिकडे बघ, तिकडे तुझी आई आपल्या नावाने बोटं मोडत असेल." किती हसलो होतो आपण.

मग तुमच्या जिभेच्या कडेला तो फोड आला. तंबाखूने येतात असे, म्हणून तुम्ही लवंगेचं तेल लावत राहिलात, आणि मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं तेव्हा अर्धी जीभ काढण्यावाचून इलाज उरला नव्हता. नाकात नळी, गालावर चिकटपट्टी. आई वरणाचं पाणी जुन्या पंच्यातून गाळायची आणि पिचकारीने त्या नळीत सोडायची. ती शेजारी बसून जेवत नसे, मलाही बसू देत नसे, आम्ही पाळीपाळीने स्वयंपाकघराचं दार लोटून जेवायचो. वासाने तुमचा जीव कासावीस होईल म्हणून तिने फोडणी देणंच बंद केलं. आपलं घर महिना-दीड महिना उकडलेल्या भाताच्या वासाचं झालं होतं. मग एक दिवस तुम्ही माझी शाळेतली पाटी मागून घेतलीत आणि त्यावर लिहिलंत, "फोडणी दे. वास तरी येऊ दे." आईने ते वाचलं, कढई चढवली आणि मोहरी तडतडायला लागल्यावर मोरीत जाऊन रडली. तुम्हाला दिसलं नाही ते.

मग त्याच थंडीत एका रविवारी आई शेजारच्या सेक्टरमध्ये हळदीकुंकवाला गेली होती. मी तेव्हा कॉलेजात शिकत होते, घरी अभ्यासाला बसले होते. तुम्ही मफलर नाकापर्यंत गुंडाळून समोर उभे राहिलात आणि पाटी पुढे केलीत. "चल." कुठे, ते मी विचारलं नाही. रिक्षात तुम्ही पाटी छातीशी धरून बसला होतात, लहान मुलासारखे. बेडमीवाल्याने लगेच ओळखलं, "बाबूजी, बहुत दिन बाद! करारी निकालूँ?" तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. मी खायला लागले आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत राहिलात. मी चावले की तुमचा जबडा हलायचा. मला घास गिळवेना, म्हटलं, "बाबा, जाऊ या ना घरी." तुम्ही पत्रावळ माझ्याकडे आणखी सरकवलीत आणि पाटीवर लिहिलंत, "हिंग?" मी म्हटलं, "आज जास्त पडलाय." तुमच्या डोळ्यांत जे समाधान दिसलं ते मी कुणाच्याच डोळ्यांत परत पाहिलं नाही.

पुढे किनारी बाजाराच्या तोंडाशी दौलत की चाट विकणारा एक खोमचेवाला, फेरीवाला. परातीवर पातळ कापड, त्याखाली रात्रभर दवात ठेवून घुसळलेल्या दुधाचा पिवळसर फेस. तुम्ही दोन बोटं वर केलीत. मी म्हटलं, "बाबा, नाही. तोंडाने काही घ्यायचं नाही, डॉक्टर म्हणालेत ना?" तुम्ही घाईघाईने लिहिलंत, "नुसती हवा आहे ती." मी हात धरायला गेले तर तुम्ही तो झटकलात. मफलर खाली ओढलात. जाणाऱ्या एका बाईने तुमची नळी बघून पदर तोंडाला लावला, तुम्हाला त्याचंही काही वाटलं नाही. एवढासा फेस तोंडात ठेवलात आणि डोळे मिटलेत. क्षणभर खरंच सगळं ठीक होतं. मग ठसका लागला, आणि तो थांबेचना. ओठ काळेनिळे पडले, मफलरवर पांढरा फेस आणि लाळ, पाटी खाली पडून तिचा कोपरा उडाला. कुणी म्हणालं "पानी पिलाओ", कुणी म्हणालं "पानी मत देना". मी भर बाजारात मराठीत ओरडत होते, "धरा ना कुणीतरी, धरा!" कळत कुणालाच नव्हतं, तरी लोकांनी तुम्हाला उचलून रिक्षात घातलं.

दोन दिवसांनी ताप चढला. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "साँस की नली में कुछ गया था क्या?" आई माझ्या बाजूलाच उभी होती. चांदणी चौकात काहीतरी खाताना ठसका लागला, एवढंच मी सांगितलं. बाहेर बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "जिभेचे चोचले बापलेकीचे. झाले ना पुरे आता?" तो आठवडा संपायच्या आत तुम्ही गेलात.

त्यानंतर तिने हा विषय कधी काढला नाही. माझं लग्न केलं, माझी बाळंतपणं काढली, मुलं वाढवली. पण तो बाक आमच्या दोघींच्या मध्ये कायम राहिला. मला तुमचाही राग यायचा, बाबा, हे आज लिहिते. तुमच्या उशाशी पाटी होती. शेवटच्या दिवसांत तुम्ही त्यावर "पाणी" लिहिलंत, "पांघरूण" लिहिलंत. "मीच मागितलं" एवढं आईसाठी लिहिता आलं असतं.

तर परवा आम्ही गेलो. मेट्रो, लिफ्ट, मग सायकलरिक्षा. आता रस्त्याला लाल दगड घातलाय, मोटारी आत सोडत नाहीत. छत्री उंच धरून एक गाइड परदेशी लोकांना कचोरी दाखवत होता आणि कॉलेजची पोरं खाण्याआधी फोटो काढत होती. पक्ष्यांच्या दवाखान्यापाशी आई म्हणाली, "इथे माणसांपेक्षा बरी सोय असेल." तुमचा बेडमीवाला दिसला नाही, गल्ली हीच होती का याचीही मला खात्री देता येईना. खोमचेवाले मात्र जागोजागी. एकाने आईला बघून म्हटलं, "माताजी, बिल्कुल ताज़ी है, केसरवाली."

तिने द्रोण दोन्ही हातांत धरला. एक घास घेतला. थांबली. परत एक घेतला.

"यात काहीच नाही गं," ती म्हणाली.

"नाही."

"जिभेवर ठेवलं की गेलं."

"हो."

"तू दिलंस, की ह्यांनी मागितलं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं तिने. मी म्हटलं, "त्यांनीच मागितलं. मी नको म्हणत होते."

मला वाटलं ती आता निवळेल. ती निवळली नाही. तिचा चेहरा आणखी घट्ट झाला. "मग मला सांगायचं होतं," ती म्हणाली. "मी घरी घुसळून दिलं असतं. गच्चीवर दवात ठेवलं असतं रात्रभर. थेंब थेंब दिलं असतं, मांडीवर डोकं घेऊन."

"आई, तुला रस्त्यावरचं आवडायचं नाही. तू आलीच नसतीस इथे."

"विचारलं कुठे कुणी?" तिचा आवाज एवढा चढला की खोमचेवाला दचकला. "दर रविवारी तुम्ही दोघं दार ओढून घेऊन जायचात. मी जागीच असायचे. एकदा तरी कुणी म्हणालं का, चल?"

मी तेव्हा लहान होते, हे खरं, पण ते तिला सांगण्यात काय अर्थ होता? मला वाटतं हा प्रश्न ती तुम्हालाच विचारत होती. तिने द्रोण बोटाने निपटून खाल्ला, अगदी शेवटचा फेससुद्धा, आणि मग म्हणाली, "चल, थंडी वाजते." परतीच्या रिक्षात ती माझ्या खांद्याला टेकली नाही. दांडा घट्ट धरून ताठ बसून राहिली. घरी आल्यावर देवापुढे दिवा लावला आणि न जेवता झोपली. तेव्हापासून ती जरा जास्तच गप्प आहे. मोकळी झाली म्हणावं तर तसं दिसत नाही.

हे पत्र पाठवायचं कुठे, ते मला माहीत नाही, आणि तिच्या हाती लागू द्यायचं नाही म्हणून उद्या फाडून टाकीन. फक्त एक राहिलं. तुमचे शब्द मी वर लिहिलेत, ते तुमचेच आहेत, पण ते लिहिताना मला तुमचा आवाज ऐकू आला नाही. ऑपरेशननंतरची घशातली घरघर आठवते, तिच्याआधीचा आवाज कितीही आठवला तरी येत नाही. आईला येत असेल. पलीकडच्या खोलीत ती आत्ता जागी आहे, कूस बदलल्याचं ऐकू येतंय. उठून तिला विचारावं असं मघापासून वाटतंय, आणि मला भीती वाटते.