सांडूकाकाच्या तोंडचं वाक्य

१९ ऑगस्ट २०२५

तू मधे बोलू नको. कोरं पान हायेस, कोरं राह्य. खोटं कशाला लिहिलं म्हणून मलाच विचारून राह्यलं! एकच वाक्य खोटं हाये. बाकी अर्ज बराबर हाये — गट नंबर, शेतात जायला दुसरी वाट न्हाई, सगळं.

हरिओमला शेड टाकायचंय, बियाण्याच्या कंपनीचा माल ठेवायला. कंपनीवाले म्हणले, ट्रक आत आला पाहिजे अन् रस्ता कागदावर पाहिजे. सरकारचं नवं निघालंय — शेतरस्ता बारा फुटाचा, वर सातबाऱ्यावर नोंद. तेव्हापासून माझ्या भावाला दुसरा विषय न्हाई. काल म्हणला, "आकांक्षा, तू लेखिका ना? मंग लिही की अर्ज. फक्त क्रियापदं घाल बरं का."

(माझ्या गोष्टीत क्रियापदं नसतात. मासिकांकडून उत्तरं बी नसतात.)

लिहिला. वाचला. मेलेला. कुणी कुणाला अडवलंच न्हाई, तर तहसीलदार साहेब कशाला येतील? म्हणून शेतशेजारच्या सांडूकाकाच्या तोंडी एक वाक्य घातलं — "या वाटेनं परत आलात तर पाय तोडीन."

हरिओम हसला. "आता कसं जिवंत झालं."

२२ ऑगस्ट

सांडूकाका खरं काय म्हणला होता ते लिहून ठेवते. इथं तरी.

आमचं शेत त्याच्या मोसंबीच्या मागं. वाट त्याच्या रानातून, बांधाच्या कडंनं. ही वाट कोणत्याच कागदावर न्हाई. वखर हाणताना तेवढ्या पट्टीपुरता तो वखर उचलतो, बस. त्याच्या बापानं बी तसंच केलं. आमच्या कापसाची पहिली ट्रॉली निघाली की वर चढून बसतो, गावापर्यंत. "टोल हाये माझा," म्हणतो. आई त्याच्यासाठी धपाटे बांधून ठेवते.

जुलैत खत घेऊन गेल्तो तर बांधावरून म्हणला, "हरी, दोन दिस थांब बाबा. वल हाये. मुळ्या दबतीन."

थांबलो. एवढंच.

३० ऑगस्ट

नवी गोष्ट लिहायला बसले. एक ओळ जमली न्हाई.

१६ सप्टेंबर

नोटीस गेली काकाला. त्याला वाचता येत न्हाई. तो ती बिभीषणच्या हाटेलात घेऊन गेला. मी समोरच, गिरणीवर. बिभीषणनं झारा हातात धरूनच मोठ्यानं वाचली. माझं वाक्य आलं. कढईपाशी बसलेला भागवत म्हणला, "काका, आमचे पाय तेवढे ठेवा बरं!" सगळं हाटेल हसलं.

माझं लिखाण पहिल्यांदा चारचौघात वाचलं गेलं. लोक बरोबर जागी हसले.

काका हसला न्हाई. "परत वाच," म्हणला. बिभीषणनं परत वाचलं.

"असं म्हणलो मी?"

मी दळण तसंच सोडून घरी आले.

१७ सप्टेंबर

आईनं धपाटे केले. लई जास्तीचे. कुणासाठी, मी विचारलं न्हाई. तिनं बी कुणाला नेऊन दिले न्हाई.

८ ऑक्टोबर

साहेब पाहणीला आल्ते. टेप धरला. बारा फूट म्हणजे मोसंबीची अख्खी एक ओळ जाती. साहेब भले होते. म्हणले, "समजुतीनं होत असेल तर नाल्याकडून घेऊ. भराव टाकावा लागेल, वर्ष जाईल, पण झाडं वाचतील."

हरिओम म्हणला, "कंपनी वर्षभर थांबती का, साहेब? अन् हे अडवणारे, ह्यांच्याशी कसली समजूत?"

साहेबांनी काकाला विचारलं, "तुम्ही धमकी दिली?"

मी तयार होते. तो न्हाई म्हणंल, मंग मी बोलंन. तोंड उघडलं होतं.

काका म्हणला, "बोल्लो आसंन."

"असेन म्हणजे? हो का नाही?"

"पोरीनं लिव्हलंय ना? मंग हो. शिकलेली हाये ती. माझ्याच ध्यानात ऱ्हात न्हाई आताशा."

जबाबावर अंगठा दिला. मंग माझ्याकडं बघून हात जोडले. टोमणा म्हणून न्हाई. खरंच माफी मागून राह्यला होता. माझी!

मी तोंड मिटलं.

१२ ऑक्टोबर

काकाकडं गेल्ते. रेणुकाकाकूनं पाणी दिलं. म्हणलं, "काका, ते वाक्य माझं हाये. तुम्ही तसं कधीच म्हणला न्हाईत."

वाटलं आता शिव्या घालतो. त्याचा चेहराच मोकळा झाला. "ऐकलं का गं? डोकं ठिकाणावर हाये माझं!"

काकू हसली न्हाई. मला म्हणली, "नोटीस आल्यापून झोप न्हाई ह्यांना. जुनं जुनं उकरून राह्यलेत. अजून कोणाकोणाला असं बोल्लो आसंन म्हणून. भावकीत जाऊन दोघांची माफी मागून आले. त्या लोकांना कशाची ते बी कळलं न्हाई."

मी म्हणलं, साहेबांना जाऊन सांगते.

"ऱ्हाऊ दे आता," काका म्हणला. "हरीचं शेड अडंल. अन् तू बी फसशीन."

मी ऱ्हाऊ दिलं. ते ऐकायलाच गेल्ते बहुतेक.

६ नोव्हेंबर

आदेश आला. रस्ता आहे त्याच वाटेवर, बारा फूट. कारणात माझं वाक्य हाये, अवतरणचिन्हांसकट.

मोसंबी अजून हिरवी हाये झाडावर. हरिओमनं उद्या सकाळी जेसीबी सांगितला. म्हणलं, नाल्याकडून घेऊ, मी सांगते खरं काय ते. जेवता जेवता म्हणला, "कंपनीची सही झालीय. तू तुझ्या गोष्टी लिहीत बैस."

आईनं त्याच्या ताटात भाकर वाढली न्हाई. तेवढंच.

७ नोव्हेंबर

हरिओम, आजचं तुला हाये. वही तुझ्या गाडीच्या चावीखाली ठेवून राह्यले. पहिल्यापून वाच. जेसीबीवाल्याला फोन करून दुपारपर्यंत येऊ नको म्हणलं, तुझं नाव सांगून — हे दुसरं खोटं. अंबडला चालले, तहसीलात लिहून द्यायला: वाक्य माझं, काकाचं न्हाई. माझं जे व्हायचं ते होऊ दे. काकाला सांगितलं न्हाई, तो जाऊ देणार न्हाई. आईला सांगितलंय, तिनं धपाटे दिलेत. तुला काय बोलायचंय ते मला माहीत हाये. जीप आली.