व्हॅम्पायरची उजवी खुर्ची

३ मे
कॉलेज सोडलं ते उत्तम केलं. फळ्यावर विमानं काढून कुणी उडत नाही. इथे लिंकनशर परगण्यातल्या हँगरमध्ये अस्सल व्हॅम्पायर उभं आहे, आमच्या आजोबांच्या वयाचं लढाऊ जेट. चार निवृत्त म्हातारे कित्येक वर्षं त्याला खपून नीट करताहेत. आता मी आलोय, म्हणजे उडेल.

हे शिकाऊ वैमानिकांसाठीचं. दोन खुर्च्या शेजारी-शेजारी, इतक्या चिकटून की कोपराला कोपर लागतं. डावीकडे आमची वैमानिक टॅमसिन बसून उडवणार. उजवीकडे कोण, ते ठरायचंय. म्हणजे त्यांचं ठरायचंय. माझं ठरलंय.

६ मे
ऑर्मरॉड हा मुख्य मेकॅनिक. हा हवाई दलातून निवृत्त झाला, हवाई दल याच्यातून नाही. भिंतीवर हत्यारांचा फळा, त्यावर प्रत्येक पान्याची, पकडीची लाल आकृती रंगवलेली. हत्यार उचललं की तिथे आपल्या नावाचा बिल्ला टांगायचा. सगळी हत्यारं जागेवर आल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. बालवाडीत असले खेळ असतात, असं मी स्पष्ट सांगितलं.

"प्रोफेसर," ऑर्मरॉड म्हणाला, "बालवाडी तरी पुरी केलीस का?"

संतापून पाना फेकला. मग कपाटाखाली झोपून शोधावा लागला. बिल्ला मात्र यापुढे टांगणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

११ मे
ऑर्मरॉडने काट्यावर उभं केलं आणि माझं वजन भिंतीवर खडूने लिहिलं. उड्डाणात डायलवरचे आकडे टिपायला उजवीकडे एकजण लागतो. वजनात तू बसतोस, अकलेचं बघू, म्हणाला. टॅमसिन हसली. प्रेमात पडलेल्या मुली अशाच हसतात.

संकल्प: राग बंद, बिस्किटं बंद, टॅमसिनकडे टक लावून बघणं बंद.

१२ मे
तिन्ही मोडले. सुरुवात बिस्किटांनी केली.

१७ मे
उद्या उड्डाण! खुर्चीमागच्या झाकणाचे स्क्रू मीच आवळले. बाहेर वारा, टॅमसिन कुडकुडत उभी. धावत जाऊन माझं जाकीट तिच्या खांद्यांवर टाकलं. तेलाचा वास येतोय म्हणाली. पण घालून घरी गेली. यातून काय ते समजायचं.

१८ मे, सकाळ
आभाळ निळंशार. कुंपणापाशी अख्खं गाव, घडीच्या खुर्च्या आणि थर्मास घेऊन. मी पट्टे आवळून उजवीकडे बसलो. तिचं कोपर लागलं. मी माझं हलवलं नाही.

तेवढ्यात ऑर्मरॉडने हात वर केला. फळ्यावर एक लाल आकृती रिकामी. आखूड स्क्रूड्रायव्हर. बिल्लाही नाही. एवढ्याशासाठी सगळं ठप्प. मी म्हटलं, दुकानात नवा मिळतो की.

टॅमसिन म्हणाली, "तो आत कुठे अडकला आणि विमान वळवायचा दांडा हलेनासा झाला, तर मी नवी मिळत नाही."

दुपार
दोन्ही खुर्च्या काढल्या. गुडघे गेलेले म्हातारे विमानात पालथे पडून चाचपताहेत. ज्या कुणी हा गाढवपणा केला त्याला हाकला, असं मी ठणकावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पहिल्यांदाच माझं पटलं.

संध्याकाळ
गार वारं सुटलं, तशी टॅमसिन गाडीतून माझं जाकीट घालून आली. खिशात हात घातला. थांबली. मग स्क्रूड्रायव्हर बाहेर काढला.

तोवर ढग खाली आले होते. गाव थर्मास आवरून गेलं. ऑर्मरॉडने स्क्रूड्रायव्हर पुसून जागेवर लावला. ओरडला नाही. ओरडला असता तर मी उलट ओरडणार होतो. तयारी करून ठेवली होती.

२० मे
व्हॅम्पायर उडालं. फार सुंदर उडालं.

उजव्या खुर्चीत वाळूची पोती होती, भिंतीवरच्या माझ्या वजनाइतकी. भरली मी, मोजली मी, पट्टेही मीच आवळले. काम चोख झालं, हे कुणीही कबूल करील. आकडे टॅमसिन स्वतःच टिपणार होती.

चढून बसल्यावर तिने वरच्या पोत्याला थोपटलं आणि मला म्हणाली, "याला खिसे नाहीत."