घरच्यांची साक्ष चालत नाही

मी, बिजागऱ्यांच्या कारखान्याचा मालक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्षर वाकडं येतं ते वयामुळे. डोकं ठिकाणावर आहे, हे शेजारी बसलेले डॉक्टर सांगतील.

१. कारखाना, यंत्रं आणि साचे मुलाला. धंद्यात तो माझ्यापेक्षा हुशार आहे. अट एकच: बिजागरीचा पत्रा पातळ करू नये. दार लोंबायला लागलं की लोक सुताराला शिव्या देतात, आणि त्या बिचाऱ्याने आपल्या मालावर विश्वास टाकलेला असतो.

२. बँकेतली शिल्लक मुलीला. मुलाने कुरकुर करू नये, चालता कारखाना त्याला आयता मिळाला आहे.

३. राहतं घर दोघांचं, सामाईक. इथे थोडं सविस्तर लिहावं लागतं, कारण दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

मुलाने हौसेने इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात माझी नोंद केली. त्यात मला ‘उद्योगमहर्षी’ म्हटलं. वाचून मलाच घाम फुटला. बाहेरच्या कुणी ज्याच्याबद्दल छापून लिहिलं आहे त्याचीच नोंद तिथे राहते, आणि माझ्यावर तसं काही नव्हतं. म्हणून नोंद ठेवावी की काढावी, अशी तिथे चर्चा निघाली, तेव्हा त्याने सगळ्या कामगारांना कारखान्यातल्या एकाच संगणकावर आळीपाळीने बसवून ‘ठेवा, ठेवा’ लिहायला लावलं. मुलगी बरीच वर्षं फावल्या वेळात त्याच कोशासाठी लिहिते. तिने लिहिलं, “मी यांची मुलगी, म्हणून मत देत नाही. पण नोंद माझ्या भावाने लिहिली आहे आणि बाजूने बोलणारे सगळे आमचेच कामगार आहेत.” नोंद उडाली.

“घरभेदी आहेस तू! बापाचं नाव पुसलंस,” मुलगा तिला म्हणाला.

“दादा, बाबांबद्दल बाहेरच्या कुणी चार ओळी लिहिल्या असत्या ना, तर मीच भांडले असते.”

त्या दिवसापासून तिने या घराचा उंबरा ओलांडलेला नाही. मला भेटते ती दवाखान्यात. हे मला फार लागलं आहे. नोंद गेल्याचंही लागलं, खोटं कशाला बोलू. पण इतकं नाही.

४. पोरीचं बरोबर होतं. ज्याला काही मिळणार त्याची साक्ष घेऊ नका, हे वकीलबाईंनीही मला बजावलं आहे. पैसे चारून माझ्यावर लेख छापून आणायचं मुलाच्या मनात आहे, असं कानावर आलं. तसं करू नये.

५. मी गेल्यावर वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर मुलीने लिहावा. मुलाला बदल सुचवायचा असेल तर याच घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, तिच्यासमोर बसून सुचवावा. फोनवर नाही, निरोप धाडून तर नाहीच. दोघांचं एकमत होईपर्यंत मजकूर छापू नये आणि घराची वाटणीही करू नये. ‘महर्षी’ मात्र नको.

६. पलीकडच्या रस्त्यावरचा बिजागरीवाला हा माझा धंद्यातला जुना वैरी. त्याला माझ्याकडून काहीही नाही, म्हणूनच त्याला साक्षीला बोलावलं. आला, पण चहा घेतला नाही.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: ९ मार्च २०२३
(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार पहिले, डॉक्टर:
सही माझ्यासमोर झाली. प्रकृती नाजूक, बुद्धी शाबूत.
(सही)

साक्षीदार दुसरे, पलीकडच्या रस्त्यावरचा बिजागरीवाला:
सही माझ्यासमोर झाली. मी यांचा नातेवाईक नाही, मित्र नाही. यांनी माझी चांगली चांगली गिऱ्हाइकं पळवली. माझ्या राहत्या घराच्या दारांना बिजागऱ्या यांच्याच आहेत.
(सही)