खाटेपासून दारापर्यंत

प्रिय मुंगी,

मावशीच्या पोटात काही राहत नाही हे ठाऊक असून तू तिला सांगितलंस, म्हणजे ते माझ्यापर्यंत पोचावं असंच तुला वाटत असणार. प्रयोगशाळेतली नोकरी सोडून महिनाअखेर तू माझ्याजवळ कायमची येणार म्हणे. कशासाठी, तेही तिच्याकडून काढून घेतलं. फोनवर तू मध्येच रडतेस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहिते आहे.

तुझा प्रबंध मी चौथ्यांदा वाचायला घेतलाय. गणितं आली की डबकं ओलांडावं तशी ओलांडते, बाकीचं शब्दकोश घेऊन लावते. मला कळलं ते असं. घरांच्या रांगेतून, म्हणजे ओळीने मांडलेल्या जागांतून, तुझा तो डोळ्यांना न दिसणारा कण फिरतो. तुम्ही टोकाच्या घराशी ठरावीक वेळाने विचारता, आलास का? नसला तर थांबायचं, पुन्हा विचारायचं. मला वाटायचं, ‘नाही’ म्हणजे काहीच घडलं नाही. तू लिहितेस, तसं नसतं. प्रत्येक ‘नाही’ने त्याची पुढची वाट थोडी बदलते. आणि विचारण्याचा सपाटाच लावला, तर तो त्या घरात पाऊलच टाकत नाही.

प्रबंधाच्या शेवटच्या वर्षी तू हेच करून बसली होतीस. लवकर सापडावा म्हणून मधला वेळ कमी कमी करत गेलीस आणि तीन आठवडे नुसतं ‘नाही’ ऐकलंस. फोनवरचं तुझं ते रडगाणं बाबांनी खाटेवरून ऐकलं. डावी बाजू लुळी पडून त्यांना चार महिने झाले होते, बोलणं तुटक. पण चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस तो. म्हणाले, बटण दहादा दाबून लिफ्ट लवकर येते का गं? रडता रडता हसलीस तू. पुढच्या आठवड्यात मधला वेळ वाढवलास आणि कण सापडला. प्रबंधात आभाराच्या पानावर लिफ्टवाल्याचं नाव नाही. ते मी पेन्सिलीने घातलंय.

मग तूच मला म्हणालीस, आई, तूही त्यांच्यावर चोवीस तास डोळे लावून बसू नकोस. खरंच होतं ते. मी काठी घेऊन समोर उभी, तोंडात सारखं पडाल हो, पडाल हो. ते पाय उचलायचे, माझा चेहरा बघायचे आणि पाय खाली ठेवायचे. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी सांगून दमली, की त्यांना जमेल. त्या दिवसापासून मी स्वयंपाकघरात जायला लागले. कणीक मळून झाली की डोकावायचं. आठ दिवस खाटेवरच. नवव्या दिवशी खाटेचा कठडा धरून उभे, चोरी पकडल्यासारखे! मग मी दुकानापर्यंत जाऊ लागले, पुढे वाचनालयापर्यंत. खाटेपासून दार सात पावलं. चार पावलांवरच्या कपाटापर्यंत ते पोचले होते. ते दिवस मला तुझ्यामुळे मिळाले, मुंगी. लग्नानंतर इतकं हसलो नव्हतो आम्ही.

आता जे आठ महिने लपवलं ते सांगते. पुस्तक बदलून मी परत आले, तेव्हा ते गेलेले होते, एवढं तुला माहीत आहे. झोपेत गेले, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. ते दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. दार उघडलेलं. एका पायात चप्पल, दुसरी पायासमोर सरळ करून ठेवलेली. काठी मात्र खाटेलाच टेकलेली. फक्त डॉक्टरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, हृदय एकदम थांबलं, खाटेवर असते तरी थांबलंच असतं. पण लोक म्हणतील, बायको फिरायला गेली म्हणून बिचारा उठला. तुझ्या आत्याची जीभ तुला माहीत आहे. त्या भीतीने मी त्यांना पुन्हा खाटेवर निजवलं. आणि तू मात्र तेव्हापासून मनात धरून बसलीस, की तुझं ऐकून मी त्यांना पडल्या जागी एकटं मरू दिलं, आणि आता मला एकटी ठेवायची नाही म्हणून नोकरी सोडतेस. चूक माझी, शिक्षा तुला.

पत्र लिहायचं कारण एवढंच, की राजीनामा देऊ नकोस. तुझे बाबा खाटेवर पडल्या पडल्या गेले नाहीत. सात पावलं चालून, चप्पल घालताना गेले. कुठे निघाले होते कोण जाणे. बहुतेक मला आणायला. ते तुझ्या नियमाने चालले आणि त्याबद्दल मी तुझे उपकार मानते. आता तोच नियम मला लाव. सकाळ, दुपार, संध्याकाळ ‘जेवलीस का, झोपलीस का’ विचारणं आता बंद कर. फोन रविवारी कर. मधल्या दिवसांत मी कुठवर गेले, ते तेव्हा सांगेन.

तुझीच, दार उघडं ठेवून बसलेली,
आई